काठ वर, तळ खाली

"ही बाई विहिरीवर जातच नाही," टिल्लू सर म्हणाले आणि हातातली पट्टी त्यांनी भिंतीवरच्या कागदांवर टेकवली.

भिंतीवर खडकेवस्तीच्या सहा विहिरींचे सहा आलेख लावले होते. पाच आलेखांतली रेघ वाळणाच्या दोरीसारखी सरळ. तीन नंबरच्या आलेखात मात्र मधेच एक सुळका, भिंतीतून खिळा वर यावा तसा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा दोरी.

"दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी माप घेतलंय म्हणतात. पाऊस आला, उन्हाळा आला, लोकांनी मोटरी लावल्या, आणि पाण्याला त्याचा पत्ता नाही. वर ही तीन नंबरची. मे महिन्यात पाणी कितीवर? नव्व्याण्णव मीटर. कुंदाताई, तीन नंबरची विहीर खोल किती असेल?"

"बारा-तेरा मीटर असेल, सर," मी म्हणाले.

"म्हणजे तळाच्याही खाली सत्त्याऐंशी मीटर. आणि अंजिराबाईंना ते काठावरून दिसलं."

खोलीतली चार माणसं हसली. त्यात मी होते. पंधरा-सोळा वर्षं झाली, पण त्या हसण्यातला माझा आवाज मला अजून वेगळा ऐकू येतो.

कारण ते आलेख माझे होते. पाण्याचं काम करणाऱ्या ह्या संस्थेत यायच्या आधी मी तालुक्याला ब्लाऊज शिवत होते. मशीनवर बसून पाठ गेली तेव्हा कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा वर्ग केला आणि टायपिंगच्या कामावर लागले. पुढचं सगळं माझं मी शिकले, कुणी हाकलून देत नव्हतं म्हणून. सात गावं, बेचाळीस विहिरी, म्हणजे बेचाळीस आलेख. आलेखाचा उभा अक्ष कुठून कुठपर्यंत ठेवायचा हे प्रत्येकाला माउसने जाऊन सांगावं लागायचं, त्यात आख्खा दिवस जायचा. मग इंटरनेटवर ब्राझीलमधल्या कुणा माणसाने कुणाला तरी दिलेलं उत्तर सापडलं आणि मी पहिला मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीत होतं: एका गावातल्या सगळ्या विहिरींतला सगळ्यात मोठा आकडा शोध, आणि त्या गावच्या प्रत्येक आलेखाचा अक्ष शून्यापासून त्या आकड्याच्या जरा वरपर्यंत ठेव. सगळ्यांना एकच अक्ष, म्हणजे शेजारी शेजारी लावून तुलना करता येईल. बेचाळीस आलेख तीन मिनिटांत. टिल्लू सर पुण्याचे, पाण्यातले मोठे जाणकार. पाहुणे आले की ते मला उभं करून सांगायचे, "हे ह्यांनी स्वतः शिकून केलंय." मी पदर सारखा करत उभी राहायचे आणि मनातून तरंगायचे.

"परवा खडकेवस्तीत बैठक आहे," सर म्हणाले. "लोकांसमोर स्पष्ट सांगू आणि मोजणी शाळेतल्या गुरुजींकडे देऊ. तुम्ही उद्या जाऊन टेप आणि वह्या घेऊन या."

"त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा."

सर वाईट नव्हते. घाईत होते. आणि त्यांच्यासमोर जो कागद होता, त्यावरून मीही तेच म्हटलं असतं. घरी जायच्या आधी मी जुनी वही काढून बघितली होती. मेच्या पानावर तीन नंबरसमोर स्पष्ट ९९.२० होतं. मी टाइप केलं होतं तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी खडकेवस्तीत उतरले. अंजिराबाई काळेल दारातच उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, काळ्या, काटक, कमरेला पदर खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना सगळी वस्ती अक्का म्हणायची.

"वाट बगत हुते तुजी," त्या म्हणाल्या.

"माझी? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पर आज अवस हाय आन् हापिसातलं मानूस आजवर एकदा बी माप बगाया आलं न्हाई. कवातरी यायचंच की. चल, ऊन व्हायच्या आत सा हिरी करू."

त्या तारखेने मोजत नसत. अवस आणि पुनव. वहीत त्या रिकामा किंवा भरलेला गोल काढायच्या आणि मी ऑफिसात भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून त्याची तारीख लावायचे. दोन वर्षं लावत होते. पण ते गोल काढणारा हात मी कधी बघितला नव्हता.

पहिल्या विहिरीवर कठड्याला तांबड्या रंगाची एक खूण होती. अक्कांनी चपला काढल्या. पिशवीतून टेप काढला, त्याच्या टोकाला बांधलेलं लोखंडी वजन हातात तोललं आणि खुणेवरून खाली सोडलं. मग मान वाकडी करून ऐकत उभ्या राहिल्या. खालून बारीकसा टप् असा आवाज आला. त्यांनी टेप खुणेवर अंगठ्याने दाबला, वाचला, गुंडाळला आणि पुन्हा सोडला.

"झालं की वाचून," मी म्हणाले.

"एकदा आलेलं आलं म्हनायचं न्हाई. तीनदा सोडायचा. दोनदा सारखं आलं तर लिवायचं."

"हे कुणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय. तुमच्या साहेबानं ट्रेनिंगला एकदा सोडून दाखीवला हुता. पर वारं असलं तर टेप हलतोय की."

 माझ्या पिशवीत सहा आलेखांचे कागद होते आणि त्यांचं वजन वाढत चाललं होतं. दुसऱ्या विहिरीला जाताना त्या मला सांगत होत्या की शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. ट्रेनिंगला गावातून दुसरं कुणी तयार होईना म्हणून नाव दिलं. मग अंगणवाडीच्या बाईंकडून आठ दिवसांत दहा आकडे शिकल्या. अक्षरं राहिलीच.

"बाई म्हनल्या, अक्का, नाव तरी लिवाया शिका. म्या म्हनलं, नाव माजं हिरीला कशाला पायजे. तिला आकडा पायजे."

"घरचे काय म्हणाले?"

"हासले. सासरा हुता तवा. म्हनला, म्हातारपनी बिगरी पास व्हनार सून. म्या म्हनलं, मामा, तुमी तर नापास बी झाला न्हाई."

तिसरी विहीर माळावर होती. तिथवर पोचेतो मला राहवेना. कठड्यावर बसले आणि सांगून टाकलं. सर काय म्हणाले, दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत काय होणार, मी कशाला आले. फक्त हसण्याचं सांगितलं नाही.

अक्का टेप हातात घेऊन उभ्याच होत्या. 

"घरी बसून लिवती म्हनला?"

"हो."

"आन् तू काय म्हनलीस?"

"मी काही म्हणाले नाही."

"हं." त्यांनी हात पुढे केला. "दाव तो कागद."

मी तीन नंबरचा आलेख काढून दिला. त्यांनी तो उभा धरला, आडवा धरला, पुन्हा उभा धरला.

"ह्यात हीर कुठाय?"

"ही रेघ म्हणजे पाणी, अक्का. हा आकडा म्हणजे काठापासून किती खाली…"

"काठ कुठाय पर?"

मी शून्यावर बोट ठेवलं. कागदाच्या तळाला.

"काठ खाली?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् पानी काठाच्या वर? मंग हीर उलटी टांगलीया की तुमी. आन् बूड कुठाय हिचं?"

"बूड ह्यात नाही."

"काठ न्हाई, बूड न्हाई, आन् म्हनं हीर." त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. राग होता, पण तो त्या टेपने मोजून बाहेर सोडत होत्या असं वाटलं. "सात परस हाय ही. आमच्या आज्यासासऱ्यानं खांदलेली. हात वर केलेला मानूस, त्याच्यावर दुसरा, असे सात. बग."

त्यांनी टेप सोडला, पाणी ओलांडून वजन खडकावर टेकेपर्यंत सोडला आणि मला वाचायला लावलं. बारा मीटर, वर दोन बोटं.

मग त्यांनी पाण्याचं माप घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. वही मांडीवर घेतली, पेन मुठीत धरलं आणि लिहायला लागल्या. मी शेजारी बसून बघत होते. सहा. टिंब. आणि पुढचा आकडा काढताना त्यांनी आधी डावीकडे एक बारीक आकडी काढली, तिच्यातून गोल वळवला आणि मग शेपटी सरळ खाली सोडली.

"अक्का, हे काय लिहिलंत?"

"सा आन् पंदरा."

"हा नऊ आहे ना?"

"एक हाय. ही बारडीची कडी, ही बारडी, हा दोर. एका दोराला एक बारडी." त्यांनी वहीच्या कोपऱ्यात दुसरा आकडा काढला. "नवाला दोन कड्या. बगितलं का?"

बघितलं. आता दाखवल्यावर दिसलं. मी वहीची पानं भराभरा मागे उलटली. ही चालू वही होती, मे महिना तिच्यात नव्हता. "अक्का, गेल्या वर्षी वैशाखात ह्या विहिरीचं माप काय आलं होतं?"

"अकरा आन् वीस," त्या लगेच म्हणाल्या. "बुडाला हातभर पानी ऱ्हायलं हुतं. जत्रंच्या आदली अवस. वजन टेकलं तर गाळच वर आला."

 अकरा. दोन बादल्या, दोन दोर. मी दोन्ही ठिकाणी नऊ वाचले होते. मग माझ्या हुशार मॅक्रोने गावातला सगळ्यात मोठा आकडा शोधला, त्याला नव्व्याण्णव सापडले, आणि त्याने सहाही विहिरींना शंभरापर्यंतचा अक्ष दिला. पाच-सात मीटरची वरखाली शंभरात कुठे दिसणार. एका बाईच्या मापाने मी गावातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज बेतले होते, आणि ते माप मुळात मीच चुकीचं घेतलं होतं.

"अक्का, चूक माझी आहे," मी म्हणाले आणि जमेल तसं समजावून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टेप न्हेतीस न्हवं?"

"नाही."

"न्हे म्हनलाय साहेब. संस्थेचा हाय. न्हे." त्या उठल्या. "पर एक सांगते. तुमी बैठक करून जीपमदी बसून जाल. मला सांजच्याला ह्याच हिरीवर पानी भराया यायचं हाय, बायांत. तितं लबाड म्हनून कशी उभी ऱ्हाऊ, त्येवडं साहेबाला इचार."

राहिलेल्या तीन विहिरी आम्ही केल्या. प्रत्येक ठिकाणी त्या टेप बुडापर्यंत सोडून मला वाचायला लावत होत्या आणि मी खोली लिहून घेत होते; पहिल्या दोन विहिरींची परतताना घेतली. टेप मी नेला नाही. वही नेली.

दुपारी दोनला ऑफिसात आले. सर दुसऱ्या गावाला गेले होते, ते तिथूनच परस्पर बैठकीला येणार होते. मी अक्कांच्या सगळ्या वह्या काढल्या आणि कडी बघत बघत एकेक आकडा तपासला. एकेचाळीस चुका निघाल्या. सगळ्या माझ्या. बहुतेक टिंबाच्या पुढच्या, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आल्या नव्हत्या. त्या दुरुस्त करून जुना मॅक्रो चालवला तर रेघा जिवंत झाल्या. तिथे थांबले असते तरी काम भागलं असतं.

पण "ह्यात हीर कुठाय" हे कानातून जाईना.

मी मॅक्रो पुसला आणि नवा लिहायला घेतला. ह्या वेळी चिठ्ठीत सगळ्यात मोठा आकडा शोधायचं कामच नव्हतं. अक्षाची एक बाजू शून्य, म्हणजे काठ. दुसरी बाजू त्या त्या विहिरीची स्वतःची खोली, म्हणजे तळ. आणि अक्ष उलटा, काठ वर, तळ खाली. उलटा कसा करायचा हे शोधण्यात तास गेला. त्यासाठी एक तयार शब्द होता, त्याच्यापुढे खरं की खोटं एवढंच लिहायचं होतं, आणि मी आधी सगळ्या आकड्यांपुढे वजाचं चिन्ह लावत बसले होते. शेवटी एक ओळ घातली: माप खोलीपेक्षा मोठं निघालं तर तिथेच थांब आणि मला विचार. ही ओळ लिहिताना मला माझीच लाज वाटली. कुठलीही विहीर स्वतःच्या तळाखाली जात नाही हे अक्कांना आकडे शिकण्याआधीपासून माहीत होतं. मला ते आत्ता सुचलं.

साडेसहाच्या एस.टी.साठी पळताना मोठ्या कागदांवरचे प्रिंट गुंडाळून घेतले. वरची विहिरींची नावं उडाली आहेत हे घरी जाऊन उलगडल्यावर कळलं.

बैठक शाळेच्या वर्गात होती. बाया डावीकडे, बापये उजवीकडे, अक्का मागे दाराशी. सर उशिरा आले ते थेट बोलायलाच उभे राहिले. "मोजणीच्या कामाबद्दल मला आज एक अप्रिय गोष्ट सांगायची आहे," असं त्यांनी सुरू केलं आणि मी उठले.

"सर, आधी आलेख लावते."

"नंतर लावा, ताई."

"आधी लावते," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या साहेबाचं न ऐकता फळ्याकडे चालत गेले. घाईत तीन नंबरचा जरा तिरका लागला. सहा कागद. नावं नाहीत. वर काठ, खाली तळ, मधे निळी रेघ.

 मग उजवीकडून एक म्हातारा म्हणाला, "ती तिरकी लावलेली माळाची हाय न्हवं?"

"कशावरून, आबा?" मी विचारलं.

"अशी बुडाला टेकती दुसरी कोन हाय? ते बग, ह्ये गेल्या सालचं वैशाख."

"मंग पयली चिंचंची," बायांतून आवाज आला. "तिचं पानी हाटतच न्हाई."

"आन् ती खालची दौलूची. हितं बगा कशी धाडकन खाली आलीया. दिवाळीला मोटर बशिवली त्यानं."

"दौलू, तुजी मोटर कागदावर आली रं."

"आली तर आली," दौलू म्हणाला, "तुज्या हिरीगत बुडाला सुतकात तर बसली न्हाई." वर्ग हसला. दहा मिनिटांत सहाही विहिरींना नावं मिळाली. एकही चुकली नाही. टिल्लू सर फळ्याजवळ गेले होते आणि पाठ लोकांकडे करून एकेक रेघ जवळून बघत होते.

मग मी सांगितलं. साहेबांनी परवा बघितलेले आलेख चुकीचे होते, अक्कांचं एकही माप चुकलेलं नाही, अकराचे नव्व्याण्णव मी केले, आणि त्या नव्व्याण्णवांनी बाकीच्या सगळ्या विहिरी चपट्या केल्या. पाठ केलं होतं तेवढं सगळं आलं नाही. पण "मी केलं" एवढं आलं.

सर वळले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण ते वाट बघत बसले नाहीत. वर्गाच्या मधून चालत दारापर्यंत गेले.

"अंजिराबाई, मी ऑफिसात तुमच्याबद्दल वाईट बोललो. विहिरीवर न येता बोललो."

"हापिसात बोलला न्हवं?" अक्का म्हणाल्या. "मंग तितंच मिटवायचं. हितं कुनाला ठावं बी नव्हतं, आता समद्यास्नी कळलं."

सगळ्यात मोठ्याने सर हसले. मग त्यांनी अक्कांना विचारलं की पुनवेला किती वाजता निघता, आणि पुनवेला ते खरंच आले.

माझ्याशी अक्का त्या दिवशी चुकीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. चहा दिला आणि एस.टी. गाठायला लावली.

महिन्याने त्यांची वही आली तेव्हा मला आधी वाटलं शाई सांडली. प्रत्येक एकाच्या खाली एक ठिपका होता. प्रत्येक नवाच्या खाली नऊ ठिपके, तीन-तीनच्या ओळीत. मी निरोप पाठवला की अक्का, गरज नाही, आता मला तुमची कडी ओळखता येते. उलट निरोप आला: तुला येते, तुझ्या जागी उद्या दुसरी बसेल.

पुढे अकरा वर्षं त्या मोजत होत्या, आणि अकरा वर्षं ठिपके येत राहिले. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली वही माझ्याकडे आहे. चैत्रातल्या पुनवेला माळाच्या विहिरीसमोर ९.९९ लिहिलंय. टेप एक बोट वर धरून दहा लिहिलं असतं तर एका ठिपक्यात काम झालं असतं, आणि कुणालाही कळलं नसतं. मी खालचे ठिपके मोजले. सत्तावीस होते.